ओट्यावरची लाकडी पाटी : खानदेशच्या उन्हात टिकेल अशी कशी करावी

घराच्या नावाची पाटी कोकणात करायची असेल, तर पहिला विचार पावसाचा करावा लागतो. खानदेशात तो उन्हाचा करावा लागतो. जळगाव, भुसावळ, अमळनेर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि महिना-दीड महिन्यातच तीच हवा पावसाळी दमट होते. लाकूड आधी आक्रसते, मग फुगते, आणि त्यावरचा रंग या ओढाताणीत तडकतो. मी केलेली पहिली पाटी प्लायची होती, तिला तांबडाभडक ऑइल पेंट दिला होता आणि ती पश्चिमेच्या भिंतीवर लावली होती. पुढच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) तिचा रंग विटक्या गुलाबी साडीसारखा झाला आणि प्लायचे थर कडेने उकलले. त्यात दुकानदाराचा काही दोष नव्हता. लाकूड, रंग आणि जागा या तिन्ही गोष्टी मीच चुकीच्या निवडल्या होत्या. पुढे दिलेली पद्धत त्या चुकीनंतर हळूहळू बसत गेलेली आहे.

उदाहरणासाठी आपण २० इंच लांब, ८ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी पाटी घेऊ, आणि तिच्यावर अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, ‘आमनं घर’ एवढीच अक्षरे लिहू.

मजकूर आणि आकार

बहुतेक जण आधी फळी आणतात आणि मग काय लिहायचे ते ठरवतात. क्रम उलटा हवा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. ‘श्रीकृष्णकुंज’ लिहायचे असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे जागा सोडावी लागते, आणि त्याच फळीवर मधले अक्षर लहान होते. ‘आमनं घर’मध्ये वर फक्त एक अनुस्वार आहे आणि खाली काहीच नाही, त्यामुळे अक्षराला मोकळी उंची मिळते. नाव अजून ठरायचे असेल, तर ही गोष्टही निवडीत धरायला हरकत नाही.

अक्षराची उंची अंतरावरून ठरवावी. साधारण १० फुटांवरून सहज वाचता यावे यासाठी १ इंच उंची, असा रंगाऱ्यांचा जुना हिशेब आहे. फाटकापासून दारापर्यंत ३० फूट असतील, तर शिरोरेषेपासून पायापर्यंत ३ इंचांचे अक्षर हवे. आपली पाच अक्षरे आणि मधली जागा मिळून या उंचीला सुमारे १३ इंच लांबी होते, म्हणून दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच सोडून २० इंचांची फळी धरली आहे. घर गल्लीला लागून असेल आणि वाचणारा ८-१० फुटांवरच उभा राहणार असेल, तर दीड-दोन इंचांचे अक्षर पुरते. त्याहून मोठे अक्षर घराच्या पाटीला दुकानाचे रूप देते.

लाकूड

माझी पहिली पसंती जुन्या सागवानाला आहे. खानदेशात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे पाडून स्लॅबची घरे बांधली जातात, आणि त्यांतून निघालेले सरे, खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. असे लाकूड कित्येक दशके छताखाली वाळलेले असते. ते नव्याने फारसे वाकत नाही. त्यात खिळे मात्र दडलेले असतात. रंधा किंवा करवत लावण्याआधी सर्व बाजूंनी लोहचुंबक फिरवावे, कारण एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवायला पुरतो. नवे सागवान घेतल्यास वखारीची पावती अवश्य घ्यावी. सातपुड्यातून कोणी ‘स्वस्तात’ फळी आणून देत असेल तर नाही म्हणावे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग हे संरक्षित झाड आहे आणि स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

सागवानात बाहेरचा पिवळट-पांढरा भाग आणि आतला तपकिरी गाभा असे दोन भाग दिसतात. वाळवीला आणि बुरशीला तोंड देतो तो गाभा. पांढरा भाग नाही. फळी गाभ्याचीच घ्यावी. फळीच्या टोकाकडे पाहिले असता वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसत असतील तर उत्तम, कारण अशी फळी रुंदीत कमी हलते आणि पन्हाळीसारखी वाकत नाही.

सागवान परवडत नसेल तर काय? निंबाचे लाकूड स्वस्त आहे आणि किडीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण नीट वाळलेले मिळाले नाही तर चिरते. बाभूळ मजबूत आहे, मात्र जड असते आणि पिळते. बैलगाडीच्या कामाला ती चांगली, पाटीला नाही. आंब्याचे लाकूड उघड्यावर टिकत नाही. प्लायच घ्यायचा असेल तर त्यावर आय.एस. ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा, आय.एस. ३०३ हा साध्या वापराचा प्लाय आहे. दोन्हींत कडा हाच कच्चा दुवा असतो.

लाकूड वाळले आहे का हे ओलावा मोजण्याच्या यंत्राशिवायही कळते. फळी आणून सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवावी आणि दर तीन-चार दिवसांनी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावी. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड आपल्या हवेशी जुळले. ते उन्हात वाळवण्याचा मोह टाळावा. वरचा थर झटकन सुकून आतल्या भागाशी ताण धरतो आणि चीर पडते.

काम कोणत्या महिन्यात करावे

कार्तिक ते माघ हा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यात ब्रश फिरवताफिरवताच रंग ओढू लागतो आणि त्याच्या रेघा तशाच राहतात. पावसाळ्यात ऑइल पेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो. हिवाळ्यात एकच अडचण आहे, ती म्हणजे पहाटेची थंडी. पारा १० अंशांखाली असताना पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचा थर नीट जुळत नाही, म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत रंगवावे. शिवाय हेच कापूस वेचणीचे दिवस असतात. गल्लीतून कापसाच्या गाड्या जात असतील तर ओल्या रंगावर सरकीचे तंतू बसतात आणि ते काढताना रंग निघतो. मी एक पाटी अशीच पांढऱ्या केसांची करून बसलो होतो. तेव्हापासून रंगकाम ओट्यावर न करता खोलीत करतो आणि दाराखालच्या फटीवर ओले पोते टाकतो.

फळीची तयारी

फळी गुण्या लावून काटकोनात कापावी, रंध्याने सपाट करावी आणि तिच्या सर्व धारा ३ मिलिमीटरपर्यंत गोलसर कराव्यात. हे सौंदर्यासाठी नाही. तीक्ष्ण धारेवर रंगाचा थर पातळ राहतो आणि पाटी सोलायला सुरुवात तिथूनच होते.

रंग देण्याआधीच मागच्या पट्ट्यांचे काम उरकावे. फळीच्या मागे, रेषांच्या आडव्या दिशेने, टोकांपासून तीन-तीन इंचांवर दोन पट्ट्या लावायच्या असतात. ८ इंच रुंदीची फळी मेमधल्या कोरडेपणापासून श्रावणातल्या दमटपणापर्यंत रुंदीत दोन ते तीन मिलिमीटर सहज हलते; लांबीत जवळपास काहीच हलत नाही. पट्टी फेव्हिकॉलने चिकटवली किंवा स्क्रू घट्ट आवळले, तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती मधोमध चिरते. म्हणून प्रत्येक पट्टीत मधले भोक स्क्रूच्या मापाचे आणि दोन्ही टोकांची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, आणि त्या लांबट भोकांतले स्क्रू वायसर घालून बेताने आवळावेत. गोंद लावूच नये. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. सागवानातल्या टॅनिन या द्रव्याशी लोखंडाची क्रिया होऊन काळे ओघळ उतरतात, आणि ते कोणत्याही रंगाखालून वर येतात.

यानंतर पॉलिश पेपरने घासावे: आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०, आणि नेहमी रेषांच्या दिशेने. जुन्या लाकडावर आधीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि धाब्याच्या घराची चौकट त्याच्या कितीतरी आधीची असते. असा रंग रिमूव्हरने सोडवावा किंवा पाणी लावून वॉटर पेपरने काढावा, तोंडाला मास्क बांधावा, आणि निघालेला चोथा मुले किंवा गुरे पोचणार नाहीत अशा ठिकाणी टाकावा.

सागवान तेलकट असते. घासल्यानंतर लगेच थिनरच्या फडक्याने फळी पुसावी आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. दोन दिवस थांबलात तर तेल पुन्हा वर येते आणि प्रायमरची पकड जाते. फळीत गाठी असतील तर त्यांवर प्रायमरआधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) दोन हात द्यावेत, म्हणजे गाठीतला पिवळा डाग फुटून वर येणार नाही.

प्रायमर, आणि दुर्लक्षित राहणारी दोन टोके

फळीची दोन्ही टोके, म्हणजे जिथे रेषा कापल्या गेल्या आहेत तो छेद, एखाद्या वातीसारखी पाणी ओढतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पाट्या टोकांकडून बिघडल्या आहेत. चेहऱ्याला लाकडासाठीच्या प्रायमरचा एक हात पुरतो, पण टोकांना तीन हात द्यावेत. पहिला हात थोडा पातळ करून, तो लाकडात जिरू द्यावा, आणि मग पुढचे दोन. मागची बाजू आणि मागच्या पट्ट्याही तितक्याच काळजीने रंगवाव्यात. पुढून रंगवलेली आणि मागून कोरी सोडलेली फळी एका बाजूने दमट हवा घेते आणि दुसऱ्या बाजूने घेत नाही, ती वाकणारच.

बारीक खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी, पण सगळ्या फळीवर लांबीचा थर देऊ नये. लांबी ताठ असते, लाकूड हलते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती खपल्यांनी सुटते. लांबी सुकल्यावर २२० नंबरने हलके घासून धूळ ओल्या फडक्याने टिपावी.

प्रायमर न देता लाकडाला अळशीच्या तेलाचा हात देणारेही आहेत आणि त्याने सागवान देखणे दिसते. तसे करायचे असेल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी: तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगाळलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवावीत.

रंगांची निवड

ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, चमकदार दिसतो आणि अक्षरे लिहायला सुरेख चालतो, पण उन्हात वर्षागणिक ठिसूळ होतो. बाहेरच्या वापराचा ॲक्रिलिक रंग लवचीक राहतो आणि लाकडाबरोबर हलतो. माझा मध्यममार्ग असा आहे की पार्श्वभूमीला ॲक्रिलिकचे दोन हात द्यावेत आणि अक्षरांना इनॅमल वापरावा. ॲक्रिलिकवर इनॅमल चालतो, मात्र खालचा थर आठवडाभर पक्का होऊ द्यावा.

उन्हात टिकणारे रंग हे बहुतेक मातीचे रंग आहेत. गेरू आणि रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, पिवडी (पिवळी माती) हेही तसेच. ते सूर्यप्रकाशात जवळजवळ बदलत नाहीत. काळा कार्बनचा असतो आणि पांढरा टायटॅनियमचा, तेही टिकतात. झगमगीत तांबडे, गुलाबी आणि जांभळे मात्र सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात, आणि त्यांतले स्वस्त रंग आधी उडतात. म्हणून तांबडी पाटी हवी असेल तर गेरूच्या छटेची करावी. पार्श्वभूमी फार गडदही ठेवू नये, कारण काळ्या फळीला उन्हात हात लावता येत नाही इतकी ती तापते आणि तेवढीच जास्त ताणली जाते. पिवडीच्या छटेवर गेरूची अक्षरे, किंवा मळकट पांढऱ्यावर काळी, ही जोडी पश्चिमेकडच्या भिंतीवरही वर्षानुवर्षे वाचता येते.

अक्षरांची मांडणी

इथे घाई करू नये. संगणकावर अक्षरे छापून घ्यायची असतील तर ठळक वळणाचा टंक (फॉन्ट) निवडावा. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक मोफत मिळतात आणि त्यांचे ठळक प्रकार पाटीला चालतात. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ पडद्यावर वाचण्यासाठी आहे. ३० फुटांवरून त्याच्या रेषा बारीक पडतात. नावात ल किंवा श असेल तर टंक मराठी वळणाचा आहे ना हे पाहावे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे, आणि दांडीचा, म्हणजे हिंदी वळणाचा, ल असलेली पाटी मराठी डोळ्याला परकी वाटते.

हाताने लिहिणार असाल तर ३ इंच उंचीच्या अक्षराची उभी दांडी अर्धा इंच जाड ठेवावी. शिरोरेषा त्याहून किंचित बारीक हवी, कारण आडवी रेघ डोळ्याला नेहमी जाड भासते. अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश घेतला आणि तो सगळ्या अक्षरांत एकाच कलाने धरला, तर जाडी आपोआप सारखी येते.

प्रत्येक अक्षर शिरोरेषेशिवाय वेगळ्या कागदावर काढून कापावे. फळीच्या मापाच्या कागदावर वरून सुमारे २.४ इंचांवर एक आडवी रेघ मारावी आणि ही कापलेली अक्षरे तिच्याखाली लटकवल्यासारखी मांडून मागेपुढे सरकवावीत. अंतर पट्टीने मोजू नये. ‘आ’ची दांडी आणि ‘म’ची गाठ जवळ येतात तिथे जागा दाटते, तर ‘र’च्या पोटाशी ती आपोआप मोकळी होते, मोजून सारखी केलेली अंतरे म्हणूनच असमान दिसतात. कागद उलटा करून, किंवा आरशात पाहून, कुठे भोक पडल्यासारखे वाटते ते तपासावे. एक रात्र तो भिंतीवर चिकटवून ठेवावा आणि सकाळी फाटकापासून पाहावा.

आपल्या उदाहरणात दोन सापळे आहेत. ‘म’वर शिरोरेषा सलग हवी, डावीकडे तुटली तर तो ‘भ’ वाटतो. ‘घ’चेही तसेच, ती तुटून टोक वळले की ‘ध’ होतो. म्हणजे निष्काळजीपणे ओढलेल्या एका रेघेने ‘आमनं घर’चे ‘आभनं धर’ होऊ शकते, आणि अहिराणी बोलणारा शेजारी ते पाहून हसल्याशिवाय राहणार नाही. ‘खानदेश’ लिहिणाऱ्यांनी ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडलेले आहेत ना ते पाहावे, नाहीतर ‘रवानदेश’ वाचले जाते.

उतरवणे आणि रंगवणे

मांडणी फळीवर उतरवायला कार्बन पेपर वापरू नये; त्याची मेणचट रेघ रंगाला धरत नाही आणि फिक्या रंगातून दिसत राहते. त्याऐवजी कागदावरच्या अक्षरांच्या कडेने सुईने अगदी जवळजवळ टोचे मारावेत, कागद फळीवर चिकटपट्टीने बसवावा आणि गेरूची किंवा खडूची पूड पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यावरून हलकेच थापावी. रांगोळीच्या छाप्याची सवय असलेल्या हाताला हे नवे वाटणार नाही. कागद उचलल्यावर ठिपक्यांची अक्षरे उमटतात, आणि चुकले तर कोरड्या फडक्याने पुसता येतात.

इनॅमल डब्यातून थेट न वापरता बशीत थोडा काढून घ्यावा आणि थेंबभर टर्पेंटाइन घालून ब्रशवरून सुटसुटीत ओघळेल इतका पातळ करावा. हात स्थिर राहावा म्हणून टोकाला फडके गुंडाळलेली एक काठी डाव्या हातात आडवी धरून तिच्यावर उजवे मनगट टेकवावे. जुने पेंटर अशीच काठी वापरत. आधी उभ्या दांड्या, मग गोलाई, आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी, डावीकडून उजवीकडे एका दमात. मध्ये ब्रश उचलावा लागलाच तर तो दोन शब्दांमधल्या जागेत उचलावा. कड वाकडी झाली तर ओली असताना पुसत बसू नये. सुकल्यावर पार्श्वभूमीच्या रंगाने बारीक ब्रशने ती कापून घ्यावी. दुसरा हात २४ तासांनी.

वरून पारदर्शक व्हार्निश द्यावे का, असे अनेकजण विचारतात. रंगवलेल्या पाटीवर मी देत नाही. आपल्याकडच्या उन्हात व्हार्निशच आधी पिवळे पडून सोलते आणि सोलताना खालची अक्षरेही ओढून नेते.

पाटी बसवणे

पाटी दाराच्या बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला, म्हणजे ओट्यापासून साधारण पाच-साडेपाच फुटांवर बसवावी. शक्य असेल तर पश्चिमेची भिंत टाळावी. साखळीने लटकवलेली पाटी छान दिसते, पण वळवाच्या वाऱ्यात ती भिंतीवर आपटते आणि तिचे कोपरे फुटतात, म्हणून ती पक्कीच बसवावी. मागच्या पट्ट्यांमुळे भिंत आणि फळी यांच्यात अर्धा-पाऊण इंचाची जी फट राहते ती बुजवू नये. तिथून हवा खेळते.

विटा-सिमेंटच्या भिंतीत ८ मिलिमीटरचा प्लग आणि दोन इंची स्क्रू पुरतो. जुन्या मातीच्या भिंतीत प्लग पकड घेत नाही, ड्रिल फिरवताच माती ढासळते. तिथे पाटी दाराच्या चौकटीवर घ्यावी किंवा भिंतीत पूर्वीच ठोकलेल्या खुंटीचा आधार घ्यावा.

श्रावणात कानबाईच्या उत्सवाआधी घरोघरी रंगसफेदी होते, आणि पाटीवर चुन्याचे शिंतोडे उडतात. ते नखाने किंवा तारेच्या घासणीने खरवडले की रंगही जातो. वर्तमानपत्र लावून झाकण्यापेक्षा भिंतीतले स्क्रू सोडून पाटी उतरवावी. त्या निमित्ताने मागची बाजू पाहता येते. तिथे गांधीलमाशीचे घर किंवा वाळवीची मातीची रेघ दिसली तर तेव्हाच काढता येते. उन्हाळा सरलेला असल्याने टोकांना बारीक भेगा पडल्या आहेत का तेही पाहावे आणि असतील तर तिथे घासून प्रायमर आणि रंगाचा एक-एक हात द्यावा. यासाठी उरलेला रंग लहान बाटलीत गच्च भरून ठेवावा, आणि मागच्या पट्टीवर पेन्सिलीने रंगाचा छटा-क्रमांक आणि लावल्याची तारीख लिहून ठेवावी.